भोक पडलेल्या कार्बन फायबरची ताकद

छत्तीस मिलिमीटर रुंदीची कार्बन फायबरची पट्टी घ्यावी, तिच्या बरोबर मध्यावर ६ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडावे आणि ती यूटीएमवर (नमुना ओढून किंवा दाबून ताकद मोजण्याच्या यंत्रावर) लावून तुटेपर्यंत ओढावी. भोक नसलेल्या तशाच पट्टीच्या तुलनेत ती किती भार घेईल? नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपोझिट (तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन यांचे मिश्र पदार्थ) हा विषय शिकवताना मी हा प्रश्न फळ्यावर लिहून वर्गाची सुरुवात करतो, आणि त्यावर नेहमी दोनच उत्तरे येतात. पहिले उत्तर क्षेत्रफळाचे असते: एक षष्ठांश रुंदी गेली, म्हणजे सुमारे ८३ टक्के ताकद उरली. दुसरे उत्तर पुस्तक वाचून आलेल्याचे असते: भोकाच्या कडेला प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरचा भार) तिप्पट होते, म्हणून एक तृतीयांश, म्हणजे ३३ टक्के ताकद उरली. सर्व दिशांना सारखे थर असलेल्या नेहमीच्या पटलाची (तंतूंचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या पत्र्याची) प्रत्यक्ष चाचणी केली, तर उत्तर बहुधा पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान येते. ते दोन्ही उत्तरांच्या मध्ये पडते आणि दोन्हींपासून बरेच दूर असते. कार्बन फायबर वापरणाऱ्या प्रत्येकाला ही दरी समजणे आवश्यक आहे, असे माझे मत आहे, कारण एक भाग दुसऱ्या भागाला बोल्टने जोडायचा तर भोक पाडावेच लागते.

तिपटीचा आकडा जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये मांडला. अतिविस्तृत, सर्व दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या पत्र्यात गोल भोक असेल, तर भाराच्या आडव्या व्यासाच्या दोन टोकांना दूरच्या प्रतिबलाच्या तिप्पट प्रतिबल असते, आणि भोक लहान असो वा मोठे, हा गुणक बदलत नाही. पुढे १९१३ मध्ये इंग्लिस याने लंबवर्तुळाकार भोकाचे गणित सोडवले आणि टोक जितके तीक्ष्ण, तितका गुणक मोठा, हे दाखवले. धातूंच्या बाबतीत हे गणित लवचीक मर्यादेपर्यंत खरे असते, पण एकाच वेळच्या भाराने पत्रा तुटण्याचा प्रश्न आला की अ‍ॅल्युमिनियम आपली सुटका करून घेते. कडेवरचा धातू नमतो, किंचित वाहतो, वाढीव भार शेजाऱ्यांकडे सोपवतो आणि शेवटी पत्रा जवळजवळ उरलेल्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने तुटतो. अमरावती मार्गावर वाडीला अ‍ॅल्युमिनियमचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्यामुळे आमच्या शहरातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांची पदार्थाविषयीची पहिली समज या नमणाऱ्या धातूवर घडते, आणि तीच समज ते कार्बनकडे घेऊन येतात.

कार्बनचा तंतू नमत नाही. टी३०० या जुन्या आणि सर्वपरिचित तंतूचा व्यास सुमारे ७ मायक्रोमीटर, ताकद साधारण ३५०० मेगापास्कल आणि ताठरता २३० गिगापास्कल असते. तो दीड टक्क्याच्या आसपास ताणला जाईपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत वागतो आणि मग एकदम तुटतो. नमण्याची सोय नसेल तर कडेवरच्या तिप्पट प्रतिबलाने तंतू तुटायला हवेत आणि पट्टी ३३ टक्क्यांवर जायला हवी, हा तर्क बिनचूक वाटतो. तरीही पट्टी त्या भारावर तुटत नाही.

हे कोडे आणखी घट्ट होते ते दिशांचा विचार केल्यावर. कार्बनचे पटल सर्व दिशांना सारखे नसते, आणि अशा पटलातील भोकाचा गुणक लेखनित्स्की या रशियन गणितज्ञाच्या सूत्राने काढता येतो. त्यात पटलाच्या दोन दिशांच्या ताठरता, कर्तन-ताठरता (पदार्थ तिरपा सरकवण्याला होणारा विरोध) आणि पॉयसन गुणोत्तर (ओढल्यावर तो आडवा किती आकसतो त्याचे प्रमाण) एवढेच लागते. सगळे तंतू भाराच्या दिशेने असलेल्या पटलासाठी नेहमीचे आकडे घातले, म्हणजे लांबीच्या दिशेने १४० गिगापास्कल, आडवे १०, कर्तनात ५ आणि पॉयसन गुणोत्तर ०.३, तर गुणक जवळपास ७ येतो. सर्व दिशांत सारख्या वाटलेल्या थरांसाठी तो ३ येतो, आणि नुसत्या अधिक-उणे ४५ अंशांच्या (अंश भाराच्या दिशेपासून मोजलेले) थरांसाठी २ च्या आसपास. बाजारात मिळणारे विणीच्या कापडाचे सपाट पत्रे, ज्यांत तंतू शून्य आणि नव्वद अंशांतच असतात, त्यांच्यासाठी तो पाचाच्या जवळ जातो. या हिशेबाने एकाच दिशेचे पटल भोकापाशी सर्वांत दुबळे ठरायला हवे. प्रत्यक्षात ते भोकाला सर्वांत कमी दाद देते. उरलेल्या क्षेत्रफळाच्या हिशेबाच्या अगदी जवळपर्यंत ते भार वाहून नेते.

याचे उत्तर विदर्भातल्या माणसाला बांबू पाहून सुचायला हरकत नाही. चिरलेल्या बांबूच्या कांबीला मध्ये भोक पाडून ती लांबीच्या दिशेने ओढली, तर भोकाच्या दोन्ही कडांपासून धाग्यांच्या रेषेत लांब चिरा जातात. भोकाने ज्यांची सलगता तोडली तो मधला पट्टा भारातून बाहेर पडतो, आणि दोन्ही बाजूंच्या अखंड पट्ट्या भोक जणू तिथे नव्हतेच अशा सरळपणे भार वाहतात. कार्बनच्या एकदिशा पटलात हेच घडते. कडेवर प्रतिबल सातपट होण्याआधीच तंतूंना एकमेकांशी जोडणारे इपॉक्सी रेझिन कर्तनाने फाटते, कारण त्याची ताकद तंतूंच्या मानाने नगण्य असते. चीर लांबत गेली की कडेवरचे प्रतिबल उतरत जाते. म्हणजे जिला आपण नुकसान म्हणतो, ती चीरच तंतूंना वाचवते.

मला या विषयात सांगायचे आहे ते एवढेच. कार्बन फायबरमध्ये भोकाजवळचे सुरुवातीचे नुकसान हा ताकदीचा शत्रू नसतो, बहुतेक वेळा तो तिचा आधार असतो. भोकाच्या पट्टीची ताकद किती, हा प्रश्न म्हणूनच हे नुकसान किती, कुठे आणि कधी होऊ दिले जाते, या प्रश्नात बदलतो.

सर्व दिशांच्या पटलात चिरेला मोकळे रान नसते. शून्य अंशाच्या थरात चीर निघाली, तरी तिच्या वर-खाली ४५ आणि ९० अंशांचे थर असतात आणि ते तिला लांब जाऊ देत नाहीत. भार वाढवत नेला की आधी ९० अंशांच्या थरांत आडव्या भेगा येतात, मग ४५ अंशांच्या थरांत भोकाच्या कडेला टेकून तिरप्या चिरा सुरू होतात, शून्याच्या थरांत काही मिलिमीटरांच्या चिरा दिसू लागतात आणि या चिरा जिथे एकमेकींना वर-खाली छेदतात तिथे दोन थरांमध्ये लहान त्रिकोणी तुकड्यांत चिकटलेपणा सुटतो. यूटीएमशेजारी उभे राहिले तर हे सगळे आधी विरळ आणि मग दाट अशा तडतड आवाजात ऐकू येते. डोळ्यांना मात्र पट्टी शेवटपर्यंत जवळजवळ जशीच्या तशी दिसते. आत काय झाले ते पाहायचे असेल, तर चाचणी मध्येच थांबवून, भोकात झिंक आयोडाइडचे द्रावण मुरवून क्ष-किरण चित्र घ्यावे लागते, किंवा पट्टी सीटी स्कॅनमध्ये ठेवावी लागते. त्या चित्रांत चिरा आणि सुटलेले थर इतके नेटके दिसतात की थरांची मांडणी त्यांवरून उलट ओळखता येते.

थराच्या जाडीचा प्रश्न इथेच येतो, आणि माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रीप्रेगचा (आधीच रेझिन मुरवलेल्या तंतूंच्या चादरीचा) एक थर साधारण ०.१२५ मिलिमीटर जाडीचा असतो. चार मिलिमीटरचे पटल बनवण्यासाठी तोच आठ थरांचा क्रम चारदा रचता येतो, किंवा एकाच दिशेचे चार-चार थर एकत्र ठेवून जाड गठ्ठे करता येतात. दोन्ही पटलांची ताठरता, वजन आणि कागदावरची ताकद सारखीच असते. भोक पाडून ओढल्यावर मात्र ती दोन वेगळ्या पदार्थांसारखी वागतात. विखुरलेल्या थरांत चिरा लहान राहतात आणि शेवटी तंतू तुटून पट्टी बऱ्यापैकी सरळ रेषेत दुभंगते. गठ्ठ्यांच्या पटलात चिरांना आणि थर सुटण्याला जास्त ऊर्जा मिळते, थर भोकापासून सुरू होऊन पट्टीच्या कडेपर्यंत सुटत जातात आणि तंतू तुटण्याआधीच पट्टी निकामी होते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या ग्रीन, विस्नम आणि हॅलेट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हा फरक अतिशय स्वच्छ दिसतो. जाड गठ्ठ्यांच्या पट्ट्यांमध्ये भोक मोठे करत नेले तेव्हा ताकद घटण्याऐवजी वाढली, म्हणजे ‘मोठे भोक, कमी ताकद’ हा सर्वमान्य नियम उलटला. एकाच दिशेचे चारपेक्षा जास्त थर एकत्र ठेवू नयेत, हा विमान उद्योगातला जुना दंडक पुष्कळ जण पाठ करतात, पण त्याचे कारण विचारले तर बहुतेकांचे उत्तर डळमळते.

उलट टोकालाही जाता येते. तंतू पसरवून फार पातळ थर केले, तर चिरा आणि थर सुटणे जवळजवळ बंद होते. अशा पटलाची भोकाविना ताकद चांगली येते, पण भोक असताना ते ठिसूळपणे, कमी भारावर तुटते, कारण कडेवरचे प्रतिबल उतरवणारे कोणीच उरत नाही. अति नुकसान वाईट, आणि नुकसानाचा अभावही वाईट. थकव्याच्या भाराखाली तर आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. ताणाच्या हजारो आवर्तनांनंतर भोकाच्या पट्टीची उरलेली ताकद मूळ ताकदीपेक्षा जास्त भरू शकते, कारण तेवढ्या काळात चिरा हळूहळू लांबून भोकाची धार बोथट झालेली असते. धातूवर वाढलेल्या अभियंत्याला हे प्रथम ऐकताना थट्टा वाटते.

भोकाच्या आकाराचा परिणाम हे दुसरे मोठे प्रकरण. गुणक आकारावर अवलंबून नसतो, तर १ मिलिमीटरचे आणि ३० मिलिमीटरचे भोक सारखेच घातक असायला हवे. तसे नसते. कडेवरचे कमाल प्रतिबल दोन्हीकडे सारखे असले, तरी मोठ्या भोकाभोवती वाढीव प्रतिबलाचा पट्टा रुंद असतो, आणि लहान भोकाजवळ ते प्रतिबल मिलिमीटरभरातच खाली येते. व्हिटनी आणि नुइस्मर यांनी १९७४ मध्ये यावर एक साधी युक्ती सुचवली. कडेवरचे प्रतिबल न पाहता कडेपासून एका ठरावीक अंतरावरचे पाहावे, आणि तिथे ते भोकाविना ताकदीइतके झाले की पट्टी तुटली असे समजावे. हे अंतर कार्बन-इपॉक्सीसाठी साधारण १ मिलिमीटर निघते. सर्व दिशांच्या विस्तृत पटलासाठी त्यांचे सूत्र हातानेही सोडवता येते: १ मिलिमीटर अंतर धरले तर २ मिलिमीटर व्यासाच्या भोकाने ८२ टक्के ताकद उरते, ६ मिलिमीटरच्या भोकाने ५७ टक्के, ३० मिलिमीटरच्या भोकाने ३८ टक्के, आणि भोक कितीही मोठे केले तरी किर्शच्या ३३ टक्क्यांखाली आकडा जात नाही. वर्गात पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते आणि विद्यार्थी समाधानाने वह्या मिटतात.

ते समाधान थोडे अकाली असते. हे अंतर पदार्थाचा गुणधर्म नाही, ते चाचणीचे आकडे जुळवून काढलेले आहे. थरांचा क्रम बदला, गठ्ठे करा, रेझिन बदला, की ते बदलते, कारण त्या मिलिमीटरभर जागेत प्रत्यक्षात वर सांगितलेल्या चिरा आणि सुटलेले थर दाटलेले असतात आणि सूत्राने त्यांना एका आकड्यात कोंबलेले असते. व्हिटनी-नुइस्मरची पद्धत मी आजही शिकवतो, कारण पन्नास वर्षांनंतरही प्राथमिक आराखड्यासाठी तिच्याइतकी स्वस्त पद्धत दुसरी नाही. मात्र एका पटलाचे अंतर दुसऱ्या पटलाला लावणाऱ्याचे गुण मी कापतो. अधिक प्रामाणिक मार्ग म्हणजे थरांमधले जोड आणि संभाव्य चिरांच्या रेषा संगणकीय जाळीत स्वतंत्रपणे मांडून त्यांना उघडू देणे. त्याला वेळ लागतो, पण गठ्ठ्यांची ती उलटी वागणूकही त्यातून पकडता येते.

याच अनुषंगाने खाचेविषयी एक गोष्ट. धातूत तीक्ष्ण टोकाची भेग आणि तेवढ्याच रुंदीचे गोल भोक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून पत्र्यातली भेग थांबवायला तिच्या टोकाशी भोक पाडण्याची पद्धत आहे. कार्बनच्या पटलात करवतीने कापलेली खाच आणि तेवढ्याच रुंदीचे भोक यांच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही, कारण टोक किती तीक्ष्ण होते हे पहिल्या चिरा निघताच निरर्थक होते. म्हणून भेगेच्या टोकाशी भोक पाडण्याचा तो उपाय कार्बनवर केला तर हाती बहुधा आणखी काही तुटलेले तंतूच येतात.

आतापर्यंतचे सगळे ओढण्याविषयी झाले. दाबाखाली चित्र बदलते. दाबात तंतूंना इपॉक्सीचा आधार लागतो. तंतू मुळातच अंशभर वाकडे असतात, कडेवरचे वाढीव प्रतिबल त्यांना आणखी झुकवते, इपॉक्सी कर्तनात ढिले पडते आणि भोकाच्या कडेपासून तंतूंचा एक अरुंद पट्टा घडी पडल्यासारखा मोडतो. इथे ताकद तंतूंपेक्षा रेझिनच्या हातात असते, आणि रेझिनचे दोन शत्रू म्हणजे उष्णता आणि ओलावा. इपॉक्सी हवेतले पाणी महिनोन्‌महिने शोषत राहते, आणि पाणी शिरले की ज्या तापमानाला ते मऊ पडू लागते ते खाली येते. म्हणून विमानाच्या पटलांची भोकासह दाबचाचणी ओलावा मुरवून ८२ अंश सेल्सिअसला करण्याची प्रथा आहे. नागपूरकराला हा आकडा अतिशयोक्त वाटण्याचे कारण नाही. मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या वर जाते, मिहानच्या (नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक क्षेत्राच्या) उघड्या धावपट्टीवर उभ्या वस्तूचा उन्हाकडचा पृष्ठभाग, विशेषतः गडद रंगाचा, त्याहून कितीतरी तापतो, आणि त्यानंतर महिन्याभरात पावसाळ्याची दमट हवा सुरू होते. उन्हात उडणाऱ्या ड्रोनचा काळा हातही याला अपवाद नाही.

मिहानचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की हा विषय आमच्या शहरासाठी केवळ पुस्तकी नाही. बोइंग ७८७ या विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कंपोझिटचा आहे, आणि त्याच्या मजल्याखालच्या कंपोझिट तुळया तिथल्या टाटा समूहाच्या कारखान्यात बनवल्या गेल्या आहेत. तिथेच बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान-दुरुस्ती केंद्रही आहे. अशा ठिकाणी ड्रिल चालवणाऱ्याचा हात गणित करणाऱ्याच्या सूत्राइतकाच निर्णायक असतो.

ड्रिल पटलात शिरताना वरचा थर उचलला जातो आणि बाहेर पडताना खालचे एक-दोन थर पुढे ढकलले जाऊन सुटतात. दुसरा धोका मोठा असतो, कारण शेवटच्या थरांना मागून आधार नसतो. मागे घट्ट दाबलेली लाकडाची किंवा प्लास्टिकची फळी, धार न गेलेला कार्बाइडचा ड्रिल आणि शेवटच्या मिलिमीटरात कमी केलेला दाब, एवढ्याने बहुतेक नुकसान टळते. कार्बन ड्रिलची धार फार लवकर खातो. लोखंडासाठीचा साधा ड्रिल दोन-चार भोकांनंतर कापण्याऐवजी ढकलू लागतो, आणि भोकाभोवती पांढरट कडे दिसले की थर सुटले असे समजावे. असे सुटलेले थर साध्या ताणाच्या चाचणीत फारसे बाधत नाहीत, पण दाबात आणि आवर्तनांच्या भाराखाली त्यांची किंमत मोजावी लागते. त्यांना वर वर्णिलेल्या उपकारक चिरांच्या पंक्तीत बसवू नये. त्या चिरा भाराने, भाराला हव्या त्या जागी पडलेल्या असतात, तर हे थर ड्रिलने त्याच्या सोयीने सोडवलेले असतात. भुकटीविषयी एकच सूचना: ती फुप्फुसांत जाते आणि वीजवाहक असल्याने सर्किटातही शिरते, म्हणून मुखपट्टी आणि व्हॅक्यूम या दोन्ही गोष्टी हव्यात.

ड्रोनच्या हाताला किंवा रेसिंग मोटारीच्या पॅनेलला भोक कुठे पाडावे, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी तीन गोष्टी सांगतो. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवावे, रुंदी व्यासाच्या पाचपट तरी असावी, आणि विणीचा शून्य-नव्वदचा पत्रा वापरत असल्यास बोल्टच्या जागी ४५ अंशांचे थर जोडावेत. शेवटची गोष्ट सगळ्यांना अनावश्यक वाटते. ४५ अंशांचे थर नसतील तर बोल्ट पत्र्याला चिरडत नाही, मागचा तुकडा तंतूंच्या रेषेत सरळ उपसून बाहेर काढतो. भोक चिरडले गेले तर बोल्ट आधी ढिला होतो आणि पाहणाऱ्याला वेळ मिळतो, उपसले गेले तर वेळ मिळत नाही.

बोल्ट घातल्यावर भोकाची ताकद वाढते का, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर भाराच्या दिशेवर अवलंबून आहे. दाबाखाली वाढते, कारण बोल्ट भोकाच्या भिंतींना आधार देतो आणि भाराचा काही भाग स्वतःमधून पलीकडे नेतो. ताणाखाली मात्र घट्ट आवळलेल्या बोल्टने पटलाची ताकद रिकाम्या भोकापेक्षाही कमी होऊ शकते. वॉशरखालचा दाब थरांना सुटू देत नाही, चिरांना लांबू देत नाही, आणि कडेवरच्या तंतूंवरचे प्रतिबल उतरण्याची वाट बंद होते. म्हणून आराखड्यासाठी आकडे घेताना दाबात रिकाम्या भोकाची चाचणी धरतात, आणि ताणात रिकाम्या व आवळलेल्या अशा दोन्ही भोकांची चाचणी करून त्यांतला लहान आकडा वापरतात.